शेवटचं पान आणि खांद्यावरचा शंख

मित्रांनो, मी एक जुना ग्रंथ आहे. जुना म्हणजे जन्मतःच जुना. माझ्या पानांचा पिवळेपणा अक्षता नावाच्या एका चित्रकार मुलीने संगणकावर बसून रंगवला. कडा कुरतडल्यासारख्या तिनेच केल्या आणि वाळवीची भोकंही तिनेच पाडली. वाळवी कधी आलीच नाही. एका पानावर चहाचा गोल डाग आहे, तोही खोटा, कारण आमच्या राज्यात चहा पिकत नाही. इतक्या खोट्या वयाच्या वस्तूने खरं सांगण्याचा आव आणावा का, अशी शंका तुम्हाला आली असेल. येऊ द्या. मलाही येते.

मी राहतो एका व्हिडिओ गेममध्ये. हा गेम परळला, जुन्या गिरणीच्या आवारातल्या एका काचेच्या ऑफिसात तयार झाला. खेळणारा माणूस त्यात योद्धा होतो, गावोगाव फिरतो, राक्षस मारतो आणि अधूनमधून लोकांची कपाटं उघडून हवं ते घेतो. शूर माणसाला हे चालतं म्हणे. अशाच एका समुद्रकाठच्या गावाच्या चावडीत, कोनाड्यात, मी ठेवलेला आहे. माझ्यात मालन नावाच्या बाईची अद्भुत कथा आहे. बोलणारे मासे आहेत, समुद्रातला एक राक्षस आहे, झोपेत गाणारी एक तलवार आहे. तलवारीचा पुढे काही उपयोग होत नाही, पण तलवार नसली तर मुखपृष्ठावर काय काढायचं, असा प्रश्न होता.

आता माझं काम सांगतो. इतर गेममध्ये पुस्तकं असतात ती खेळणाऱ्यासाठी, आणि तो ती वाचत नाही. आमच्याकडे गावातली पात्रंही वाचतात. ही करामत निलेशची. निलेश लालबागचा, मूळ गाव देवगडकडे. त्याने अशी सोय केली की गावातलं प्रत्येक पात्र फावल्या वेळात चावडीत येऊन मला वाचतं, आणि अडचण आली की मी ज्याला थोर म्हटलं तसं वागायला बघतं. त्यांना वेगळे आदर्श कोणी शिकवलेले नाहीत. घर नाही, शाळा नाही, फक्त मी. एवढा विश्वास कोणी तुमच्यावर टाकला तर तुम्हीही घाबराल.

सुरुवातीला कौतुक झालं. माझ्यात उपाशी सैनिकाला भाकरी देण्याचा प्रसंग आहे. तो वाचून राजाराम कुंभार दारावर आलेल्या प्रत्येकाला जेवू घालू लागला. सगळं ऑफिस पडद्यासमोर जमून टाळ्या वाजवत होतं. मग एका गुराख्याने माझ्यातलं 'वीर मागे वळून पाहत नाही' हे वाक्य वाचलं आणि तो डोंगराकडे निघून गेला. त्याची गाय दिवसभर हंबरत होती. तेव्हापासून मी माझ्याच वाक्यांकडे तिरक्या नजरेने बघतो. एखादं वाक्य फार छान वाटलं की पहिल्यांदा शोधतो, याची गाय कुठे आहे.

मला लिहिलं संघमित्राने. ती वरळीच्या बीडीडी चाळीत वाढली. माझा शेवट मात्र तिला निलेशच्या बोलण्यातून मिळाला. जेवणाच्या सुट्टीत तो गावाकडच्या खारबांधाबद्दल सांगत होता. समुद्राचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेला हा मातीचा बांध.

"तो फुटला की काय करता रे?" संघमित्राने विचारलं.

"काय करतलंव? एक जण ओरडतो, सगळं गाव टोपल्या घेऊन धावतं. एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात माती."

"पुढे कोण असतो?"

"जो जवळ असतो तो. त्यात काय विचारायचं?"

"आणि कोणी नाहीच आला तर?"

"मग वर्षभर त्याच्या घरी कोणी गजालींक जात नाही. गप्पांशिवाय मेलेला बरा माणूस."

यावरून तिने माझं शेवटचं पान लिहिलं. समुद्रराक्षस बांध फोडतो. मालन मीठ विकून घरी चाललेली असते. ती डोक्यावरची उरलेल्या मिठाची टोपली रिकामी करते, त्यात माती भरते आणि भगदाडापाशी उभी राहते. तीच का, याला कारण नाही. ती जवळ होती. तिच्यामागे दुसरी बाई, तिच्यामागे तिसरा माणूस. राक्षस बराच वेळ बघतो आणि कंटाळून निघून जातो. संपलं.

हे पान हितेंद्रला आवडलं नाही. हितेंद्र म्हणजे कंपनीचा मालक. ठाकूरद्वारचा, शिकलेला, मृदू बोलणारा. मृदू बोलणारी माणसं माझ्या शेवटच्या पानाजवळ आली की मला धडकी भरते.

"संघमित्रा, मस्त लिहिलंयस. फक्त फील येत नाहीये," तो म्हणाला. "मालनच का? काहीतरी स्पेशल पाहिजे ना. आपण तिला सागरवंशाची राजकन्या करू. लहानपणी हरवलेली. खांद्यावर शंखाची खूण. राक्षस खूण बघतो आणि नमस्कार करून मागे फिरतो."

"म्हणजे मीठ विकणारी बाई मुळात राजकन्या."

"एक्झॅक्टली! लोकांना आवडतं गं."

संघमित्रा म्हणाली, "लहानपणी अशा गोष्टी मी ढीगभर वाचल्यात, हितेंद्र. प्रत्येक गोष्टीत मी कुठल्या तरी गुराख्याच्या पोराच्या जागी असायचे. उपाशी राहायचे, मार खायचे, राक्षसाशी लढायचे. आणि शेवटच्या पानावर तो राजाचा मुलगा निघायचा. तो राजवाड्यात, मी बाहेर. दर वेळी. मी लिहिलेल्या पुस्तकात कुणी पोरगी अशी बाहेर राहायला नको."

"अगं, एका पानाचा प्रश्न आहे."

"हो ना. मग राहू दे माझं."

राहू दिलं नाही. आकांक्षा मॅडम, ज्यांची कंपनी हा गेम बाजारात आणणार होती, त्या बघायला येणार होत्या. हितेंद्रने नवं शेवटचं पान स्वतः लिहून निलेशला लावायला दिलं. संघमित्रा म्हणाली, "शंख राहिला तर पुस्तकावरून माझं नाव काढून टाक. आणि मीही जाते." हितेंद्र म्हणाला, "मॅडम बघू देत, मग ठरवू." थोडक्यात, माझ्या एका पानावर तिची नोकरी आणि तिचं लहानपण, दोन्ही येऊन बसलं. मी कोनाड्यात गप्प. आमच्या जातीच्या वस्तूंना मत विचारायची पद्धत नाही.

या भानगडीत एक साधी गोष्ट सगळे विसरले. पान बदललं ते मॅडमसाठी, पण वाचायला गाव बसलं होतं. पान बदललं की गाव ते लगेच वाचून काढतं. त्यांच्याकडे फोन नसतात.

मॅडम आल्या. खुर्चीत बसल्या, कंट्रोलर हातात घेतला, त्यांचा योद्धा गावात शिरला. हितेंद्र मागे उभा. संघमित्रा कोपऱ्यातल्या टेबलापाशी, पाण्याची बाटली आणि डबा आधीच पिशवीत भरलेला. आणि समुद्रराक्षसाने बांध फोडला.

गावकरी घरांतून बाहेर आले, पाण्याकडे बघत उभे राहिले. मग राधाबाई, आमच्या गावातली मिठागरावर राबणारी बाई, वळून म्हणाली, "राजारामा, सदरा काढ बघू."

"का गं?"

"शंख आहे का बघते."

"तीळ आहे मोठा. चालेल?"

"तीळ काय चाटायचाय? शंखच पाहिजे. मागे फिर रे तू, तुझा दाखव."

सगळं गाव एकमेकांचे खांदे तपासू लागलं. पाणी घोट्याला लागलं, मग गुडघ्याला. लहान पोरांना उचलून त्यांचेही खांदे पाहिले. एक म्हातारा धीर देत होता, "असेल असेल, वंशातलं माणूस गावात असणारच. त्याला सापडू द्या, मग बघा." टोपल्या भिंतीला टेकून ठेवलेल्या होत्या, त्या हळूहळू तरंगायला लागल्या. अक्षताने तोंडावर हात दाबून धरला होता. अख्खं गाव उघड्या खांद्यांनी बुडालं.

"हे काय करत होते?" मॅडमनी विचारलं.

"बग आहे मॅडम," हितेंद्र म्हणाला.

"बग नाही," निलेश म्हणाला. "त्यांनी वाचलंय."

हितेंद्र हुशार माणूस आहे. त्याने जागच्या जागी उपाय काढला. "निलेश, सगळ्यांच्या खांद्यावर शंख दे. सगळेच वंशाचे. प्रॉब्लेम सॉल्व्ह्ड."

निलेशने दिले आणि खेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. बांध पुन्हा फुटला. या वेळी गाव तोऱ्यात बाहेर आलं.

"राजाराम, टोपली उचल," राधाबाई म्हणाली.

"राधाबाई, आपण कोणाशी बोलता आहात, याचं भान असू द्या."

"शंख मलाही आहे हो!"

"आहे ना. पण माझा उजवा आहे."

झालं. उजव्या शंखाचे एका बाजूला, डाव्या शंखाचे दुसऱ्या बाजूला. उजव्यांनी डाव्यांना माती आणायला फर्मावलं. डाव्यांनी विचारलं की उजवं-डावं ठरवायचं कोणी, समोरून बघायचं की मागून? वाद रंगात आला तेव्हा पाणी गळ्याशी होतं. बुडतानाही कोणी मान वाकवली नाही. आता तुम्हीच सांगा, समुद्रराक्षसाची इथे गरज होती का?

मॅडमनी कंट्रोलर मांडीवर ठेवला. "आधी काय लिहिलं होतं?"

संघमित्राने पिशवी खांद्याला लावली होती. निलेश खाली बघत म्हणाला, "जुनं पान आहे माझ्याकडे. पुसून टाकलं नव्हतं मी."

"मग लावा की."

हितेंद्रने हात हवेत उचलला आणि तसाच खाली आणला. निलेशने जुनं पान लावलं. गावाने वाचलं. बांध फुटला.

पाणी दिसताच कोणीतरी ओरडलं. जो जवळ होता तो धावला. त्याच्यामागे राधाबाई, तिच्यामागे राजाराम, आणि बघता बघता भगदाडापासून टेकडीपर्यंत रांग लागली. टोपल्या हातोहात पुढे सरकू लागल्या. मॅडमचा योद्धा चकचकीत चिलखत घालून मधोमध उभा होता.

"मी काय करायचं?" मॅडम म्हणाल्या. "राक्षस कुठल्या बटनाने मारायचा?"

"ए चिलखतवाल्या!" पडद्यातून राधाबाई ओरडली. "वाटेत कशाला उभा? हात रिकामे आहेत ना? मग रांगेत ये. मागून ये, मागून! मधे घुसू नको."

मॅडम हसल्या. मग त्यांचा योद्धा खरंच रांगेच्या टोकाला गेला. टोपली आली, घेतली, पुढे दिली. पुन्हा आली, पुन्हा दिली. चिलखताला चिखल लागला. पुढे म्हातारा, मागे नंतर येऊन उभी राहिलेली एक लेकुरवाळी बाई, आणि मधे आमचा वीर. हितेंद्र कुजबुजला, "पण यात हीरो कुठाय?" मॅडमनी मान वळवली नाही. त्यांना तेवढा वेळ नव्हता, माती येत होती.

पाणी थांबलं तेव्हा त्यांच्या समोरचा चहा गार झाला होता. "हे असंच ठेवा," त्या म्हणाल्या. संघमित्राने पिशवीतून बाटली काढली, घटाघटा पाणी प्यायली आणि पुन्हा खुर्चीवर बसली. इतकंच. जल्लोष वगैरे काही नाही. निलेश म्हणाला, "गावाक येशील काय? खरो बांध दाखवतंय." ती म्हणाली, "आधी जेव."

मित्रांनो, मी आता बाजारात आहे. माझ्यावर तिचं नाव आहे. पण माझा संशय गेलेला नाही. गेमच्या जाहिरातीत बांधावर एकटाच एक योद्धा उभा आहे, हातात ती झोपेत गाणारी तलवार. त्याच्यामागे आभाळ आहे, गाव नाही. हे चित्र हितेंद्रने निवडलं आणि ते खूप लोकांना आवडतं. पुष्कळ खेळणारे मला उघडताच 'पुढे' हे बटन दाबतात, कारण त्यांना घाई असते राक्षसाकडे जायची. रांगेत माती देण्याची वेळ आली की काही जण गेम बंद करतात. मला राग येत नाही. त्यांनी आयुष्यभर जी पुस्तकं वाचली, त्यांत वीराला रांग नव्हती.

मला जपा, असं म्हणायची आम्हा जुन्या वस्तूंची रीत आहे. पण माझ्यावर धूळ बसत नाही, मला कसर लागत नाही, मला पुठ्ठ्याचं कव्हर नको. माझी निगा राखायचीच असेल तर माझ्यावर जरा संशय घ्या. माझ्यावर घ्या आणि माझ्यासारख्या सगळ्या अद्भुत गोष्टींवर घ्या. गोष्टीतला थोर माणूस आवडला तर खुशाल आवडू द्या. फक्त त्याला एकदा विचारा, की बाबा, तुझ्या या गोष्टीत मला काय काम आहे? 'लांब उभा राहून टाळ्या वाजव' असं उत्तर आलं, तर पुस्तक मिटा आणि घराबाहेर या. बाहेर कुठे ना कुठे पाणी शिरत असेलच, आणि तिथे कोणाला तरी एक माणूस कमी पडत असेल.