मानाचं लुगडं

"ठकुबाई तुमच्यापेक्षा चांगलं गायच्या, एवढं कोर्टात सांगाल ना?"

शरच्चंद्र वकिलांनी चष्मा पुसत सहज विचारलं. भिवंडीच्या बाजारातल्या त्यांच्या खोलीत, समोरच्या बाकावर बसलेल्या गुणाबाईला मात्र ते भर मांडवात कुणी कानफटात द्यावी तसं लागलं. तिने शेजारी पाहिलं. तिथे ठकुबाई बसली होती. तिच्या गळ्याच्या खळगीत रुपयाएवढा वण होता.

"चांगलं-वायट मना काय ठावं?" गुणाबाई म्हणाली. "मी तिच्या मागं गायची. मागं बसनारीला काय कलतं?"

दोघी शेलार गावच्या, दोघी धवलारणी. आगऱ्यांच्या लग्नातले विधी या बायका गाऊन पार पाडतात, आणि त्या गाण्याला धवला म्हणतात. एक जण ओळ टाकते, दुसरी ती उचलते. ठकुबाईने टाकायची आणि गुणाबाईने उचलायची, हे इतकी वर्षं चाललं होतं की आमंत्रणसुद्धा "ठकुबायला सांगा, न तिच्या मागचीला पन" असं जायचं. गुणाबाईला आईबापांनी नाव ठेवलं होतं, पण ते गावाच्या तोंडात बसत नव्हतं. लग्न उरकलं की ठकुबाईला लुगडं आणि मागचीला खण. तो खणही चोळीला पुरेल तर शपथ.

वऱ्हाडाच्या टेम्पोत ड्रायव्हरशेजारची जागाही ठकुबाईचीच. गुणाबाई मागे, पातेल्यांच्या गर्दीत. अठ्ठ्याऐंशीच्या वैशाखात गणेशपुरीहून परतताना त्या पुढच्या जागेकडे बघून गुणाबाईच्या पोटात दुखत होतं. तेवढ्यात टेम्पो रस्त्यात उभ्या असलेल्या ट्रकवर आदळला. मागच्या बायकांना नुसतं खरचटलं. पुढे बसलेल्या ठकुबाईच्या गळ्यावर समोरचा लोखंडी दांडा बसला. श्वास चालावा म्हणून डॉक्टरांनी गळ्याला भोक पाडून नळी घातली. जीव वाचला, आवाज गेला. उरली ती नुसती कुजबुज.

भरपाईचा दावा ठाण्याच्या कोर्टात लागला, आणि ठकुबाईने तो स्वतःच्याच तोंडाने जवळजवळ घालवला. विमा कंपनीच्या वकिलाने तिला विचारलं होतं, गाण्याचे किती पैसे घ्यायच्या? ती ताठ होऊन कुजबुजली, "पैशे न्हाय घेत. आमी मान घेतू." ते खरंच होतं. मांडवात मजुरी मागणाऱ्या धवलारणीला पुन्हा कुणी उंबऱ्यात घेत नाही. "मग तुमचं नुकसान काय झालं?" "मान गेला." टायपिस्टपर्यंत पोचता पोचता त्या कुजबुजीचं 'मान गेली' झालं. वकिलाने तिला मान डावीकडे फिरवायला लावली, मग उजवीकडे. मान छान फिरली. कोर्ट हसलं आणि ठकुबाई खाली उतरली.

"मुंबईचे डॉक्टर म्हणतात, आणखी एक ऑपरेशन केलं तर आवाज थोडाफार परत येईल," शरच्चंद्र वकील आता सांगत होते. "भरपाई मिळाली तरच ते जमणार. ठकुबाई कोण होत्या, हे सांगणारं तुमच्याशिवाय दुसरं कुणी नाही."

आवाज परत येईल, एवढंच गुणाबाईने ऐकलं. अपघातापासून ओळ तीच टाकत होती. लुगडी तिच्या पेटीत पडत होती. लोक तिला नावाने बोलवायला लागले होते. तिने स्वतःच्या हाताने हे सगळं परत द्यायचं, वर 'ती माझ्याहून चांगली' असंही सांगायचं. कुणाचं काय, तर कुणाचं काय.

घरी येऊन तिने नवऱ्यापुढे ताट आदळलं. नवशा जेवता जेवता हसला. "यवडं जलतंय तर सांग ना जाऊन, दोगी सारख्याच हाव म्हनून. तुज्या जिवाला थंडावा."

"तुमाला वाटतंय का तसं?" तिने विचारलं.

नवशाने कालवणात भाकरी बुडवली. "मीठ दे जरा."

कोर्टाच्या दिवशी ती मुद्दाम ठेवणीतलं लुगडं नेसली. हिरवंगार, लाल काठाचं, टेमघरच्या लग्नात नुकतंच मिळालेलं. ठकुबाई धुऊन धुऊन विरलेल्या लुगड्यात आली होती. एसटीत तिने गुणाबाईच्या काठावरून बोट फिरवलं. "ब्येस हाय गो," ती कुजबुजली. गुणाबाईने पदर आवरून घेतला.

विमा कंपनीचा वकील गोड बोलणारा होता. "बाई, ठकुबाई जखमी झाल्यावर गावची लग्नं अडली का?"

"न्हाय."

"कोण गातं?"

"मी गातंय."

"लोकांची काही तक्रार?"

"कोन करंल तक्रार?"

"म्हणजे त्या काय आणि तुम्ही काय, दोघी सारख्याच. बरोबर?"

सारख्याच. हा शब्द कुणीतरी म्हणावा म्हणून तिने जन्म घालवला होता. गाव म्हणालं नाही, नवरा म्हणाला नाही. आता काळ्या कोटातला शिकलेला माणूस जजसाहेबांसमोर म्हणत होता आणि टायपिस्ट बोटं उचलून बसला होता. तिने नुसतं हो म्हणायचं होतं.

सवयीने तिने ठकुबाईकडे पाहिलं. मांडवात ओळ येण्याआधी बघायची, तसं. ठकुबाईचे ओठ हलले, पण ओळ काही आली नाही.

"सारख्या कुठल्या, साहेब?" गुणाबाई म्हणाली. आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "ती टाकायची, मी उचलायची. टाकलंच न्हाय तर उचलनार काय?"

"पण पैसे तर त्या घेत नव्हत्या."

"पैशे न्हाय, मान. मान म्हंजे ह्यो." तिने पदर पुढे धरला. "टाकनारीला लुगडं, मागचीला खन. तांदूल, नारल बी तिला जास्ती. ती पडली तवापासून ह्ये सगलं माज्या घरी येतंय. तिचं काय गेलं म्हनून इचारता? माजी पेटी उघडून बघा. गेलं ते समदं तितं हाय. ह्ये अंगावर हाय ना, ते बी तिचंच."

वकील खाली बसला. जजसाहेबांनी हिरव्या पदराकडे पाहिलं आणि टायपिस्टला म्हणाले, "'मान' पुल्लिंगी लिहा."

परतीच्या एसटीत गुणाबाई तोंड फिरवून बसली. स्वतःचाच राग येत होता. कशेळीचा पूल गेल्यावर ठकुबाई म्हणाली, "खन तुला तोकडा पडायचा. मना ठावं व्हतं."

"मंग बोलली का न्हाय कवा?"

"मना लुगडं मिलत व्हतं ना गो," ठकुबाई म्हणाली.

मागितली होती त्याहून कमी, पण भरपाई मिळाली. ऑपरेशन झालं. कुजबुज जरा मोठी झाली, गाणं काही परत आलं नाही. ते कळल्यावर गुणाबाईला हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं म्हणून त्या रात्री तिला जेवण गेलं नाही.

पुढे शेलारातच एक हळद होती. गुणाबाईने ठकुबाईला हाताला धरून आणलं आणि आपल्या मागे बसवलं. देवांना बोलवायची पहिली ओळ टाकून ती थांबली. मागून ती ओळ कुजबुजत वर आली. पोरांची दंगल थांबली. कॅसेटचा डेक लावणाऱ्याने तो बंद केला. चुलीपाशी बसलेल्या बायका पिठाच्या हातांनी मांडवाच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या. गुणाबाईच्या खणखणीत आवाजाला कुठलाही मांडव इतका गप्प कधीच झाला नव्हता.

तिच्या पोटात तीच जुनी कळ उठली. तिने पुढची ओळ टाकली, पण आवाज खाली घेऊन, मागचीचं ऐकू यावं इतका.