काथवट की घुबड

मुळासकट उपटलेलं तुळशीचं रोप.

ब्रन्सविकमधल्या आम्हा स्थलांतरित ग्रीकांच्या सभागृहावर अर्धी रंगवलेली पाटी.

वेदीचं दार. आत बायकांनी जायचं नाही.

कौलावर घुबड बसलं की माझी आई विस्तवात मूठभर मीठ टाकायची.

आमच्या ग्रीक बायकांच्या संस्थेचं नाव प्रोझिमी, म्हणजे आंबवण. चिन्ह: कणकेची काथवट, वर तुळस. सप्टेंबरात क्रुसाच्या सणाला चर्चमधली तुळस घरी आणायची, पीठपाण्यावर ठेवायची. यीस्टशिवाय फुगतं. वर्षभराचा पाव त्यातूनच होतो. वेदीवरचा पवित्र पावसुद्धा.

सभागृहाचा अध्यक्ष अरिस्तिदिस म्हणाला, "काथवट बघून लोकांना बेकरी वाटते. नव्या पाटीवर घुबड काढू. अथेना देवीचं. ज्ञानाचं."

"मग रविवारचा पाव घुबडालाच मळायला सांग," स्तामातिया मावशी म्हणाली. संस्था काढणाऱ्यांतली तीच एक उरलीय. वय एक्याण्णव.

"मावशी, चेष्टा पुरे. चित्रच तर आहे."

"चित्रच ना? मग आमचं राहू दे की, लेका."

राहू दिलं नाही. आम्ही पाव मळायचं बंद केलं.

"पाप लागेल," मी मावशीला म्हटलं.

"लागू दे. वर गेल्यावर मी बोलेन. तू मधे पडू नकोस."

रविवारी अरिस्तिदिसनं स्वतः मळलेला पाव आणला. फुगला होता छान. फादरांनी तो हातात घेतला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"शिक्का कुठाय?"

भाजण्याआधी पावावर लाकडी शिक्का दाबतात. त्याशिवाय तो वेदीवर चालत नाही. शिक्के आमच्या फडताळांत. अरिस्तिदिसनं आजवर पाव फक्त खाल्लेला.

शिक्क्याचा एकच पाव तिथं होता, मावशीनं कुणाला न सांगता मळलेला, तिच्या पिशवीत. पिशवी तिनं छातीशी धरली.

"पाटीवर काय, अरिस्तिदिस?"

"स्तामातिया, हे चर्च आहे," फादर म्हणाले.

"म्हणून तर इथं विचारते, फादर. बाहेर तो शब्द फिरवेल."

मागं कुणीतरी खुदकन हसलं. अरिस्तिदिसचे कान लाल झाले.

"काथवट."

"मोठ्यानं."

"काथवट! तुळस! नाव प्रोझिमी! झालं?"

तिनं पाव काढला आणि फादरांच्या हातात दिला. अध्यक्षाकडे बघितलंसुद्धा नाही.

१९५८ साली ज्या सात बायकांनी हे चिन्ह ठरवलं, त्यांतल्या पाचजणींना स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं.