दुर्गाबाईचं ताट

अचलपूरच्या देवीदास वैद्यांनी दुर्गाबाईची नाडी सोडली आणि तिला काही न विचारता जानरावाकडे पाहिलं.

"ही रोज काय खाते?"

जानरावाला प्रश्नाचं हसूच आलं. "आमच्या घरी खायाची काय कमी हाये जी? दोन सालापासून कापसानं असं भरभरून देल्लं का..."

"कमी आहे का, ते नाही विचारलं. काय खाते, किती खाते, केव्हा खाते?"

जानराव बोलायला गेला आणि थांबला. तीस वर्षं झाली होती लग्नाला. दोन पोरी नांदायला गेल्या, मुलगा शालिकराम कर्ता झाला, घरात सून आली. त्या तीस वर्षांत आपली बायको जेवताना त्यानं एकदाही पाहिली नव्हती. तो जेवून उठायचा, बाहेर ढाळजेत, दारालगतच्या बैठकीत, येऊन पान लावायचा. त्यानंतर आत काय होत असेल, हे कधी त्याच्या मनातही आलं नव्हतं.

"सगळे खातात तेच खात असंन," तो हळूच म्हणाला.

वैद्यांनी मान हलवली. मग दुर्गाबाईकडे वळून आवाज मऊ केला. "बाई, लाजू नका. लघवी केलेल्या जागी मुंग्या जमतात का?"

डोक्यावरचा पदर आणखी पुढं ओढून दुर्गाबाईनं होकार दिला.

बडनेऱ्याजवळच्या त्यांच्या गावाहून अचलपूरला यायला दमणीला दोन दिवस लागले होते. बैल नवे, दमणीवर नवं छत. पण त्या दोन दिवसांत दुर्गाबाईनं पाण्याची घागर चार वेळा रिकामी केली होती, आणि दर कोसाला दमणी थांबवावी लागली होती. दिवाळीपासून तिचं अंग असं उतरलं होतं की बांगड्या कोपरापर्यंत सरकत. गावातल्या बाया म्हणत, दृष्ट लागली. जानरावानं लिंबूही उतरवून पाहिलं आणि कोंबडंही.

"मधुमेह आहे," वैद्य म्हणाले. "हा मुळासकट जात नाही. पण त्याला दारात बसवून ठेवता येतं, घरात घ्यायचं नाही. बाईच्या माहेरी कुणाला होता?"

"मायले," दुर्गाबाई पहिल्यांदा बोलली. "शेवटी शेवटी ते पाणी पाणीच करे."

वैद्यांनी पुड्या बांधायला घेतल्या. "औषध देतो. जांभळाच्या बियांचं चूर्ण, आवळा-हळद. पण ते पाठीमागून. आधी पंधरा दिवस तुम्ही हिच्या ताटाशी बसा आणि पाहा. सुनेवर सोपवू नका. मग मला येऊन सांगा."

*

पहिल्याच दिवशी पंचाईत झाली.

जानराव जेवून उठला, हात धुतले आणि बाहेर जायचं सोडून चुलीपाशी पाट घेऊन बसला. सून शकुन ओट्याशी थिजली. दुर्गाबाईच्या हातातलं भांडं तसंच राहिलं.

"अजी, बाहेर पाव्हणे बसले हायेत."

"बसू दे. तू जेव."

"तुमच्यासमोर?"

"वैद्यबुवाचा हुकूम हाये."

ती बसली. घास उचलला, तोंडापाशी नेला आणि खाली ठेवला. "नाई उतरत वो घास. कोनी पाहून राह्यलं का मले गिळताच येत नाई."

जानरावानं विचार केला, मग पाट फिरवला आणि भिंतीकडे तोंड करून बसला. "घे. आता मी भीत पाहून राह्यलो. तू फक्त सांगत जा, काय खाल्लं ते."

 मग शकुन फसकन हसली आणि पाठोपाठ दुर्गाबाईही. भिंतीकडे पाहत जानरावानं ऐकलं ते असं: पाहुण्यांच्या पंगतीतून उरलेला शिरा. मोडलेल्या दोन पुऱ्या. बुंदीच्या कढईतला चुरा. तळाशी राहिलेलं साखरेचं दूध. आणि हे सारं सूर्य कलल्यावर, कारण मुंबईचे दलाल, त्यांची माणसं, गाडीवाले, सगळ्यांची पानं उठल्याशिवाय ती बसतच नसे.

"हे रोज?"

"मंग टाकून द्याचं का? अन्न हाये ते. शकुनले कितीक घालू? तिले गोड आवडत नाई."

"अन भाकर?"

"भाकर आता कोन करते? तुमीच त म्हटलं, पाव्हण्यासमोर जवारीची भाकर बरी नाई दिसत."

म्हटलं होतं खरं. समुद्रापार अमेरिकेत कुठं लढाई जुंपली, विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि वऱ्हाडातल्या काळ्या जमिनीचे दिवस पालटले. जानरावाचं घरही त्या लाटेवर वर आलं. घरात गहू आला, साखर आली. त्यानं बायकोला पाटल्या केल्या, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणून एका सकाळी सांगितलं, "शालिकची माय, आतापासून तू वावरात नाई जायाचं. लय उन्हं खाल्ले तू." तिनं त्या दिवशी खुरपं कोनाड्यात ठेवलं. तेव्हा तिच्या तोंडावर नेमकं काय होतं, आनंद की दुसरं काही, हे त्याला भिंतीकडे पाहता पाहता आठवेना.

पंधरा दिवसांनी तो एकटाच घोड्यावर अचलपूरला गेला आणि सगळं सांगून आला. शेवटी खाली मान घालून म्हणाला, "म्हंजे म्याच केलं म्हना की."

"रोग तिच्या आईकडून आला," वैद्य म्हणाले. "तुम्ही फक्त त्याला पाट मांडून दिला. आता पाट काढून घ्या."

*

पाट काढून घेणं सोपं नव्हतं.

वैद्यांनी सांगितलं होतं: ज्वारीची भाकर, मुगाचं वरण, मेथी, कारलं. थोडं थोडं, दिवसातून तीनदा, वेळ न चुकवता. गूळ-साखर बंद. आणि सकाळ-संध्याकाळ चालणं, अंगाला घाम येईपर्यंत. म्हणजे पाहुणे बसलेले असताना घरच्या बाईनं आधी जेवायचं. असं गावात कुणाच्या घरी झालं नव्हतं.

एकदा बाळापूरकडचा एक बडा व्यापारी दुपारी आला. ढाळजेत लोडाला टेकून म्हणाला, "जानराव, पानं मांडा, भूक लागली."

"घटकाभर थांबा शेठ. घरातलं मानूस जेवून राह्यलं."

व्यापाऱ्याला वाटलं, कुणी म्हातारे वडील असतील. बायको जेवते आहे हे कळल्यावर त्यानं भुवया उंचावल्या, आणि ती गोष्ट संध्याकाळच्या आत गावभर झाली. चावडीवर जानरावाचा चुलतभाऊ उत्तमराव सगळ्यांसमोर म्हणाला, "काय दादा, आयकलं ते खरं का? वहिनीच्या ताटाची राखण करून राह्यले म्हनते?"

"खरं हाये," जानराव म्हणाला. "तुह्या बायकोनं आज काय खाल्लं, सांग बरं."

उत्तमराव हसला. मग हसणं आखडलं. बाकीचेही आपापल्या चिलमीकडे पाहू लागले.

चालणं तर त्याहून अवघड. नवरा-बायको विनाकारण पांदणीनं, वावराच्या वाटेनं, फिरताहेत, हे लोक कसं पाहणार? म्हणून ते रोज सकाळी वावरात जायला निघत. जानराव पुढं, दुर्गाबाई वीस पावलं मागं. पहिल्या दिवशी ती धुऱ्यापर्यंत, वावराच्या बांधापर्यंत, पोचली आणि कापसाच्या ओळींकडे पाहत उभी राहिली. दोन वर्षं तिनं वावर पाहिलं नव्हतं. एक फुटलेलं बोंड तिनं चिमटीत धरलं, कापूस अलगद ओढून घेतला आणि पदराच्या टोकात बांधला.

"काहून वो?" जानरावानं विचारलं.

"उगीच. हात शिवशिवत होते."

त्याला तेव्हा त्या सकाळचं उत्तर मिळालं. खुरपं कोनाड्यात ठेवताना तिच्या तोंडावर आनंद नव्हता.

कारल्याला ती आठ दिवसांत कंटाळली. मेथीचं पाणी पिताना लहान पोरीसारखं तोंड करी. मग जानरावही तेच पिऊ लागला. "तुमाले काय झालं?" ती म्हणे. "काई नाई. तुहं तोंड पाहून हसू येते, म्हनून बरोबरीनं वाकडं करून राह्यलो." आखाजीच्या दिवशी, पितरांना पुरणपोळीचा नैवेद्य दाखवल्यावर, ती कोठीत उभी राहून अर्धी पोळी खाताना त्याला दिसली. तिनं पोळी पदराआड लपवली. तो काही बोलला नाही. संध्याकाळी तीच रडत म्हणाली, "मले सोसत नाई वो. जीभ ऐकत नाई."

"मंग उद्या थोडं जास्त चालू," तो म्हणाला. एवढंच.

*

हळूहळू फरक पडला. तहान कमी झाली. रात्रीतून पाच वेळा उठणारी दुर्गाबाई एकदाच उठू लागली. वीस पावलांची दहा झाली, दहाची चार. पाऊस गेला, पहिली वेचणी झाली आणि एक दिवस येताना जानरावाच्या जोड्याचा बंद तुटला. तो खाली बसला. दुर्गाबाई पुढं निघून गेली. बंद बांधून त्यानं वर पाहिलं तर पांदणीच्या मऊ धुळीत तिच्या अनवाणी पावलांचे ठसे होते, आणि दर दुसऱ्या ठशात एक लाल ठिपका.

"शालिकची माय, थांब!"

तिनं वळून पाहिलं. पायात कापसाच्या पऱ्हाटीचा तुटका खुंट घुसला होता, बोटाच्या पेराएवढा.

"दुखत नाई?"

"नाई," ती नवलानं म्हणाली. "मले त समजलंच नाई."

तिला न समजणं, हेच त्याला खुंटापेक्षा भयंकर वाटलं. त्यानं तिला वाटेनं चाललेल्या एका गाडीवाल्याच्या बैलगाडीत बसवून घरी आणलं आणि लगेच अचलपूरला निरोप धाडला. वैद्यांचं उत्तर आलं: कडुलिंबाच्या पाल्याच्या कोमट पाण्यानं दोन वेळा धुवा, स्वच्छ फडकं बांधा, आणि जखम बरी झाली तरी तळवे रोज पाहा. या रोगात पाय मुके होतात. ते स्वतः होऊन काही सांगत नाहीत.

संध्याकाळी शकुननं पाणी तापवलं. जानरावानं घंगाळ उचलून आणलं आणि दुर्गाबाईच्या समोर खाली बसला. तिनं झटकन पाय लुगड्यात ओढून घेतले.

"हे काय करून राह्यले? शकुन धुईन. तुमी माह्या पायाले हात लावू नका. मले पाप लागंन."

"पाय दे."

"नाई जी. लोक काय म्हनतीन?"

"घरात लोक कुठं हायेत?"

"मी मरंन पन पाय नाई देनार."

जानराव घंगाळातल्या पाण्याकडे पाहत राहिला. त्याला नीट बोलता येत नसे. बैलांशी आणि दलालांशी बोलण्यात सारा जन्म गेलेला. "बैलाचा खूर मी रोज उचलून पाह्यतो," तो म्हणाला. "खडा रुतला का, चिरला का. तीस वर्स तू माह्या घरात चालून राह्यली. तुहा पाय म्या कदी पाह्यला नाई. आता पाह्यलाच पाह्यजे. पाप असंन त मी भोगीन."

दुर्गाबाईनं तोंडावर पदर घेतला. पदराआड ती रडत होती, हे खांद्यांवरून कळत होतं. मग लुगड्याच्या काठातून एक पाय हळूच बाहेर आला. तळवा भेगाळलेला, काळ्या मातीनं रेघारेघांत भरलेला, टाचेवर जुन्या काट्याची खूण. जानरावानं तो दोन्ही हातांत घेतला. वाटला होता त्यापेक्षा लहान होता.

जखम भरायला अडीच महिने लागले. मधे एकदा कडा काळपट झाल्या आणि वैद्य स्वतः येऊन गेले. त्या आठवड्यात जानरावाच्या घशाखाली अन्न उतरलं नाही. दुर्गाबाईनं मग पाट घेतला, त्याच्या ताटाशी बसली आणि म्हणाली, "मी भितीकडे तोंड करू का?" तेव्हा कुठं तो जेवला. संक्रांतीच्या आधी नवी गुलाबी कातडी धरली.

पुढच्या सालात समुद्रापारची लढाई मिटली आणि कापसाचा भाव पडला. दलालांच्या गाड्या येईनाशा झाल्या. उत्तमरावासारखे लोक डोक्याला हात लावून बसले. जानरावानं दमणी विकली, जमीन मात्र पोटाशी धरून ठेवली. घरात सगळ्यांनाच ज्वारीची भाकर आली. शालिकरामानं पहिले काही दिवस तोंड वाकडं केलं, मग विसरला. दुर्गाबाई तीन वेळा जेवत राहिली, चालत राहिली, आणि रोज संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी तळवे दाखवत राहिली. आता ती पाय ओढून घेत नसे. उलट जानराव कामात गुंतला की ओसरीवरून हाक येई, "अजी, पाय पाह्याचे राह्यले."

बडनेऱ्याला आगगाडी आली तेव्हा दोघं ती पाहायला पायी गेले. जाऊन-येऊन तीन कोस. नवे जोडे घालून दुर्गाबाई त्याच्या बरोबरीनं चालत होती. गाडी धुसफुसत थांबली आणि इंजिनात वरून नळानं पाणी पडू लागलं. ते संपेचना. दुर्गाबाई टक लावून पाहत होती.

"माय वो," ती म्हणाली, "याले बी माहंच दुखनं झालं का काय?"

जानराव इतका हसला की शेजारचे लोक वळून पाहू लागले. परतताना रस्त्यात एक हलवाई बसला होता. दुर्गाबाईची पावलं जरा रेंगाळली. जानरावानं एक बत्तासा घेतला, मोडला, अर्धा तिच्या तळहातावर ठेवला आणि अर्धा आपल्या तोंडात टाकला. ती डोळे मिटून तिथंच उभी राहिली, तो पूर्ण विरघळेपर्यंत.

"आखीन पाह्यजे?"

"नाई," ती म्हणाली. "चला, उन्हं कलली. घरी शकुन वाट पाहून राह्यली असंन."