हसरा फोटो आणि अ‍ॅसिड

मी बाटलीवरचा कागद बोलतोय. लेबल म्हणा हवं तर. या, बसा, पण गोड बोलेन अशी आशा ठेवू नका, आज माझं डोकं फिरलंय.

माझ्यामागे काय आहे ते आधी सांगतो. संडास घासायचं अ‍ॅसिड. आणि माझ्यावर काय आहे? पिवळंधमक लिंबू, चार फुलं, पाच तऱ्हांची अक्षरं आणि मधोमध आमच्या मालकांचा हसरा फोटो. 'धोका, हात लावू नये' ही ओळ पार तळाशी, मुंगीएवढी, फिक्या हिरव्यावर पिवळी.

छापखानेवाल्याने विचारलं होतं, "मालक, ही ओळ जरा ठळक करून वर घेऊ?"

"वर घेतलीस तर माझा टाय झाकला जाईल. असू दे खालीच."

मालक भांड्यांचा पातळ साबणही बनवतात. त्याच्या बाटलीवरचा कागद म्हणजे माझा जुळा भाऊ. तोच हिरवा, तेच लिंबू, तोच टाय. नावातला एक शब्द काय तो वेगळा. "दोघं एका घरचे दिसले पाहिजेत," असं मालकांचं म्हणणं. अहो, धंदा मलाही कळतो. भावंडांचे चेहरे मिळतेजुळते असावेतच. पण त्यातला एक चावरा असेल, तर लांबून ओळखू यायला नको?

नमुन्याच्या दोन बाटल्या, एक माझी आणि एक भावाची, मालकांनी हौसेने घरी नेल्या. त्यांच्या आईने चष्मा न लावता एक उचलली, घासणीवर ओतली आणि कढई घासायला घेतली. दोन बोटांची कातडी निघाली. डॉक्टर पट्टी बांधत होते तेव्हा म्हातारी एवढंच म्हणाली, "तुझाच फोटो होता ना रे वर. म्हटलं, लेकाचा साबण."

मला तिथल्या तिथे स्वतःला फाडून घ्यावंसं वाटलं.

मालकांची धाकटी बहीण कारखान्यात खोकी भरते. सगळे तिला ताई म्हणतात. तिने दोन्ही बाटल्या खिडकीत ठेवल्या, उलट्या पावलांनी दारापर्यंत गेली, डोळे किलकिले करून पाहिलं आणि भावाला हाक मारली.

"दादा, इथून काय दिसतं?"

"माझा फोटो. झकास आलाय."

"का, बाटलीत तुला भरलंय?"

मग चार दिवस ती घरी, आईच्या पलंगाशेजारी, कात्री आणि कागद घेऊन बसली. हे वाईट, ते वाईट, करत एकेक गोष्ट काढत गेली. लिंबू गेलं, फुलं गेली, फोटो गेला. पाचांतली एकच तऱ्हेची अक्षरं राहिली. सगळ्या ओळी डावीकडून एका रेषेत सुरू केल्या. माणसाला आधी जे कळायला हवं, ते सगळ्यात मोठं: पांढऱ्यावर काळं 'अ‍ॅसिड', खाली 'हात लावू नये'. बाकी जागा कोरी.

"एवढी जागा वाया?" मालक तडकले. "तिथे माझी दोन बक्षिसं बसली असती!"

"बसव. मग सगळेच एकदम बोलतील आणि कोणाचंच ऐकू येणार नाही."

तेवढ्यात पलंगावरून, चष्म्याशिवाय, पट्टीचा हात वर करून म्हातारीने वाचलं, "अ‍ॅसिड. हात लावू नये."

मालकांचा चेहरा उतरला. त्यांनी आईचा पट्टीचा हात हातात घेतला. मला वाटलं, सुटलो!

"छान झालंय ताई," ते म्हणाले. "पुढच्या खेपेपासून हेच लावू."

"आणि ही खेप?"

"चिकटवून झालंय ना सगळं? एकदा खपून जाऊ दे."

खपून जाऊ दे! आईची बोटं अजून भरली नव्हती, आणि हा गृहस्थ म्हणतो, खपून जाऊ दे! दुसऱ्या दिवशी कारखान्यात ताई खोक्यांसमोर आडवी उभी राहिली. मालकांनी तिला बाजूला सारून टेम्पो भरला.

छापलेला प्रत्येक कागद मीच, म्हणून आता मी एका दुकानातही आहे. एका रंगाचे शोभून दिसतात म्हणून दुकानदाराने आम्हा जुळ्यांना एकाच फळीवर मांडलंय. समोर एक बाई आल्यात, हातात पिशवी.

"भांड्यांचा साबण द्या हो. तो हिरवा."

दुकानदार फोनवर बोलतोय. मागे न बघता त्याने हात लांबवलाय, आणि त्याची बोटं माझ्याभोवती आवळलीत.

बाई, भाव नंतर करा. आधी मला वाचा!