टेकचंद मास्तरांचं गणित

टेकचंद मास्तर मुलगी पाहायला निघाले की सोबत त्यांची आई असे आणि एक गणित असे. आई दरवेळी घरी परतून कपाळाला हात लावी, गणित मात्र पुढच्या घरी जायला तयार! भंडाऱ्याजवळ शहापूरच्या शाळेत शिकवणाऱ्या या गृहस्थांनी ठरवूनच टाकलं होतं की, बायको करीन तर हे गणित सोडवणारीच. त्रिकोणाचा एक कोन चाळीस अंशांचा. दुसरा त्याहून मोठा, पण तिसऱ्याहून लहान. तर दुसरा किती? याचं उत्तर एक आकडा नाही. चाळीसहून जास्त आणि सत्तरहून कमी, मधलं काहीही चालतं. बिचाऱ्या मुली घाबरून 'साठ' म्हणून मोकळ्या होत आणि मास्तर चहा संपवून उठत. मास्तरांनी तिशी ओलांडली, तेव्हा आई रत्नाबाई देव पाण्यात घालून बसल्या.

सन अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात दोघं आंधळगावला धनीरामजींच्या घरी गेले. त्यांची लेक तुळसा दहावी पास झालेली. ती पाणी घेऊन बाहेर आली, सरळ मास्तरांकडे पाहत बसली. हीच हवी, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं. गणित न विचारताच हो म्हणावं, असंही वाटलं. पण सवय सुटते थोडीच! त्यांनी गणित घातलं आणि गडबडीत चाळीसच्या जागी सत्तर म्हणाले.

तुळसानं कोनाड्यातली पाटी घेतली. लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. मग तिच्या ओठांवर हसू आलं.

"एक कोन सत्तर, म्हणजे उरले एकशे दहा. दुसरा तिसऱ्याहून लहान, म्हणजे तो पंचावन्नच्या आत. अन् तुमीच म्हणता, तो सत्तरहून मोठा पायजे. असा कोन आंधळगावात त नाई जी. शहापुरात भेटते का?"

मास्तरांनी पाटी पाहिली. कान तापले. इतकी वर्षं लोकांच्या मुली तपासत फिरलो आणि आपलंच गणित चुकावं!

"नापास," ते म्हणाले.

रत्नाबाई कंटाळून उठल्या. "चाल मंग. गाडी भेटन आतापन."

"थे नाई, माय. मी नापास."

धनीरामजींना हसू आवरेना. तुळसा म्हणाली, "नापास झालं त ऑक्टोबरले बसता येते, मास्तर."

"ऑक्टोबर लय दूर हाय. आत्ताच विचारा."

तुळसाचं हसू मावळलं. "मले भंडाऱ्याले कॉलेजात शिकाचं हाय. लग्नानंतर किती शिकू द्याल? कमीत कमी सांगा अन् जास्तीत जास्त बी सांगा."

"तुळसा!" बाप ओरडला. मास्तरांना कळलं, या घरी हा विषय आधीच मोडीत निघाला होता. ही पोर शेवटची संधी म्हणून परक्या माणसाला विचारत होती.

"कमीत कमी बीए होतवरी," ते सावकाश म्हणाले.

"अन् जास्तीत जास्त?"

"थे तुमीच ठरवा. त्या बाजूले मी हद्द नाई घालत."

धनीरामजी लेकीकडे पाहत राहिले. रत्नाबाईंनीच धीर करून तुळसाला विचारलं, "बाई, पास झाला का माहा पोरगा?"

"झाले," तुळसा म्हणाली. "पन यापुढं पेपर काढला का पयले मले दाखवाचा."