सात वाजून वीस मिनिटांची कविता

संध्याकाळी सात वाजून वीस मिनिटांनी येरेवान रेडिओवर माझ्या नवऱ्याचा आवाज येणार होता, आणि सकाळपासून माझे पाय जमिनीवर ठरत नव्हते. हमायाक आमच्या लेनिनाकानच्या मोजे कारखान्यात यंत्रं दुरुस्त करतो आणि उरलेल्या वेळात कविता लिहितो. अकरा वर्षं त्याच्या कविता राजधानीला, येरेवानला जायच्या आणि तशाच परत यायच्या. गावच्या पेपराने दोन-तीन छापल्या, तेवढ्याच. आता त्या येरेवानवाल्यांनी स्वतः बोलावून त्याच्याच आवाजात कविता भरून घेतली होती. चार मिनिटं. पुन्हा लावणार नाही, हेही बजावलं होतं.

त्या चार मिनिटांत मला एकच हवं होतं, सासऱ्यांनी ऐकावं. बाग्रातबाबा पाथरवट, अर्ध्या गावाच्या भिंती त्यांच्या हातच्या. मुलाच्या कवितेबद्दल मात्र त्यांच्या तोंडून कधी चांगला शब्द निघाला नाही. "दगड नीट बसला की शंभर वर्षं हलत नाही. तुझा कागद शिंकलं तरी उडतो." हमायाक हसायचा. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

शेजारी बोलावले म्हणजे मेज मांडायला हवं, आणि मेज मांडलं म्हणजे तमादा हवाच. तो एकेकाच्या नावाने पेला उचलणार, आणि तो बोलत असताना दुसऱ्या कुणी तोंड उघडायचं नाही. आमच्या घरी तो मान बाबांचा. हे मी आधी लक्षात घ्यायला हवं होतं, पण आनंदाच्या भरात माझी अक्कल गहाण पडली होती.

सात अठराला बाबा पेला घेऊन उठले.

"बाबा, दोनच मिनिटं उरलीत हं," मी म्हटलं.

"कळतंय पोरी. दोन शब्द बोलतो. तो रेडिओ जरा बारीक कर."

शेजारची वार्सेनिककाकू नवऱ्यादेखत पुटपुटली, "याचे दोन शब्द संपेपर्यंत माझं दुसरं लग्न होईल."

बाबा आधी वाडवडिलांवर बोलले, मग दगडावर. हातोडीने त्यांचे कान निम्मे गेलेत, बारीक आवाज त्यांना ऐकूच येत नाही. रेडिओवरच्या बाईने नाव घेतलं, हमायाक तेर्झ्यान. सगळ्यांनी ऐकलं, पण तमादा उभा असताना हलणार कोण? शेवटी गेला मान खड्ड्यात म्हणत मी उठले आणि बटणाकडे हात नेला. हमायाकने माझं मनगट धरलं.

"थांब शुशान," तो कुजबुजला. "ऐक."

बाबा म्हणत होते, "याची एक कविता पेपरात आली होती. मी ती कापून खाणीवर नेली. वाचली तर सगळे म्हणाले, उस्ताद, पुन्हा वाच. मग रोज दुपारी जेवताना तीच. याला कधी सांगितलं नाही. तोंडावर कौतुक केलं की पोरं आळशी होतात." आणि डोळे मिटून त्यांनी ती सगळी म्हटली. तिसरं कडवं असं होतं:

बाप सकाळी डोंगराकडे जातो,
संध्याकाळी डोंगराची धूळ घरी येते.
आई ती झाडते खरी,
पण आम्ही त्या धुळीवरच वाढलो.

बाबांनी पेला रिकामा केला. तेवढ्यात रेडिओवर बासरी सुरू झाली.

"वाढव आता आवाज," बाबा हात चोळत म्हणाले. "ऐकू दे काय म्हणतोय माझा पोरगा."

वार्सेनिककाकूच म्हणाली, "बाग्रात, ते झालं."

बाबांनी घड्याळाकडे पाहिलं आणि मटकन खाली बसले. "अरे, मला गप्प का नाही केलंस? अकरा वर्षांनी आली होती तुझी वेळ."

"आली ना बाबा," हमायाक म्हणाला. "ते तिसरं कडवं परत म्हणा."

बाबा पुन्हा उभे राहिले.