आईपुढं सुटता येत नाही

मुलगा विनेश गेला तेव्हा नीराबाई अलिबागच्या बाजारात म्हावरं विकत होती. सुनेचा, ऋतिकाचा, फोन आला तो सगळं संपल्यावर. त्यानंतर दोघी एकाच घरात राहिल्या, एकत्र जेवल्या, पण विनेशचं नाव कुणी काढलं नाही. आपल्याला वेळेवर का बोलावलं नाही, हे नीराबाईच्या घशात काट्यासारखं अडकून होतं.

विनेशच्या शेवटच्या दिवसांत पूनम सिस्टर घरी यायची. बरा न होणारा माणूस आपल्या घरात, कमी वेदनेत राहावा म्हणून झटणाऱ्या संस्थेची ती नर्स. तो गेल्यावरही तिनं येणं सोडलं नाही. ती ऋतिकाला बोलतं करायची. नीराबाई मात्र तिला पाहिलं की सुकत घातलेले बोंबील उलटायला बाहेर जायची.

त्याच संस्थेला मदत मिळावी म्हणून ऋतिकानं मॅरेथॉन धावायचं ठरवलं. मांडव्याहून अलिबाग, आणि परत मांडवा. ती किनाऱ्यावर सराव करू लागली तशी कोळीवाड्यात कुजबुज सुरू झाली. सासू काहीच बोलली नाही. तेच ऋतिकाला जास्त लागलं.

शर्यतीच्या दिवशी पूनमनं फारच गळ घातली, म्हणून नीराबाई किहीमच्या फाट्यावर पाणी द्यायला उभी राहिली. जाताना ऋतिका हात हलवून गेली. परतताना मात्र ऊन तापलं होतं, बाकीचे केव्हाच पुढे गेले होते. ती लंगडत आली आणि रस्त्याच्या कडेला बसलीच. पोटरीत गोळा आला होता. आता जमायचं नाही, म्हणाली.

नीराबाईनं खाली बसून तिची पोटरी चोळली. मग पदर खोचला.

"ऊठ. चालत जाऊ. मी येतंय संगती."

दोघी मांडव्याच्या दिशेनं चालू लागल्या. शेवटी नीराबाईनंच विचारलं, "मला का न्हाय बोलावलंस?"

ऋतिका चालायची थांबली. "मी फोन हातात घेतला होता, आई. त्यांनीच नको म्हटलं. 'आईपुढं मला सुटता येत न्हाय' म्हणाले. सकाळी तुम्ही निघालात, तेव्हा विचारलं, 'आई गेली?' मी व्हय म्हटलं. मग डोळे मिटले, ते परत उघडलेच न्हाईत." मग ती म्हणाली, "त्यांना तुम्ही नको होतात, असं तुम्हाला वाटेल, म्हणून सांगितलं न्हाय."

नीराबाई एका कुंपणाला धरून उभी राहिली आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा पोटभर रडली. ऋतिका तिच्या पाठीवर हात ठेवून राहिली.

"लहानपणीबी तसाच होता," डोळे पुसत नीराबाई म्हणाली. "मी उशाशी बसले की झोपायचाच न्हाय, बोलत राहायचा. मी उठून गेले की मग त्याचा डोळा लागायचा."

पुढची सगळी वाट त्या विनेशविषयीच बोलत राहिल्या. मांडव्याला पोचल्या तेव्हा मंडप उतरवत होते. पूनम तेवढी थांबली होती.

जमलेल्या पैशांतून संस्थेनं आणखी एक नर्स नेमली. पावसाळा सरल्यावर शेजारच्या गावात एका बाईचा तरणा मुलगा गेला. पूनम तिच्याकडे निघाली, तेव्हा नीराबाई न बोलावता तिच्यासोबत गेली. तिथं काय बोलायचं ते तिला ठाऊक नव्हतं. ती नुसती त्या बाईला लागून बसली, आणि संध्याकाळपर्यंत उठली नाही.